‘तू बोल, मी स्लाइड बदलतो’: विद्यापीठातले विद्यार्थी आणि सभाकंप

सेमिनारचं वेळापत्रक वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलं की पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी होतात. कोणीतरी विचारतं, ‘कितव्या रोल नंबरपासून सुरू?’ आणि कोणीतरी सरांना वेगळा मेसेज टाकतं की नेमकं त्याच दिवशी गावाकडे लग्न आहे. एम.एस्सी.चा सेमिनार असो, इंजिनीअरिंगचा प्रोजेक्ट असो की बी.एड.चा पाठ, चारचौघांसमोर उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येणारी मुलं प्रत्येक वर्गात सापडतात. पहिल्या बाकावरची हुशार मुलंही त्यात असतात. या मुलांना नेमकं काय होतं, ती त्यातून वाट कशी काढतात आणि महाविद्यालयांनी त्यांच्यासाठी काय करावं, या तीन प्रश्नांवर गेली सत्तर-पंच्याहत्तर वर्षं पद्धतशीर अभ्यास चालू आहे. त्यातला मोठा भाग अमेरिकी विद्यापीठांतला आहे. तिथे भाषणकलेचा वर्ग अनेक ठिकाणी सक्तीचा असतो, त्यामुळे प्रयोगाला विद्यार्थी आयते मिळतात. हे ध्यानात ठेवूनच पुढचं वाचावं लागतं.

मरणापेक्षा मोठी भीती?

या विषयावरचं कुठलंही व्याख्यान एका दाव्यानं सुरू होतं: माणसाला मरणापेक्षा भाषणाची भीती जास्त वाटते. या दाव्याचं मूळ १९७३ सालच्या ब्रस्किन संस्थेच्या अमेरिकेतल्या पाहणीत आहे. भीतीदायक गोष्टींची यादी लोकांपुढे ठेवली आणि ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते त्यांवर खूण करायला सांगितलं. समूहासमोर बोलण्यावर सुमारे ४१ टक्के लोकांनी खूण केली, मृत्यूवर सुमारे १९ टक्क्यांनी. पण कितीजणांनी खूण केली हा एक प्रश्न आणि सगळ्यांत जास्त भीती कशाची हा दुसरा. कॅरन ड्वायर आणि मार्लिना डेव्हिडसन यांनी २०१२ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा इथल्या ८१५ विद्यार्थ्यांना दोन्ही प्रश्न विचारले. भाषणावर खुणा जास्त पडल्या, मात्र ‘सगळ्यांत मोठी भीती निवडा’ म्हटल्यावर मृत्यू थोडा पुढे गेला. म्हणजे ही भीती सर्वदूर आहे, पण मरणापेक्षा मोठी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरीही व्याख्याते तो दावा सोडणार नाहीत. सुरुवातीलाच हशा मिळवून देणारं वाक्य सहजी कोण सोडतं?

भीती मोजायची कुठे?

थिओडोर क्लेव्हेंजर यांनी १९५९ साली तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, त्यातलं एक निरीक्षण आजही टिकून आहे. बोलणाऱ्याला आतून वाटणारी भीती, श्रोत्यांना दिसणारी भीती आणि यंत्रावर नोंदली जाणारी भीती या तिन्हींचा आपसात मेळ फारसा बसत नाही. छाती धडधडणारा प्रत्येकजण घाबरलेला दिसतोच असं नाही, आणि थंड दिसणारी मुलगी आतून गळालेली असू शकते. पुढे १९७० मध्ये जेम्स मॅक्रॉस्की यांनी स्वतःबद्दलच्या विधानांवर आधारलेल्या प्रश्नावल्या तयार केल्या आणि क्षेत्राला एक सामायिक मोजपट्टी मिळाली. त्यांच्या २४ विधानांच्या प्रश्नावलीत गटचर्चा, बैठक, दोघांतला संवाद आणि भाषण असे चार प्रसंग वेगवेगळे मोजले जातात. मित्रांच्या कट्ट्यावर तासभर रंग भरणारा मुलगा व्यासपीठावर का गारठतो, हे कोडं त्यामुळे निदान कागदावर मांडता आलं.

राल्फ बेन्की आणि ख्रिस सॉयर यांनी भीतीचा काळानुसार आलेख काढला. विद्यार्थ्यांची अस्वस्थता सर्वांत जास्त असते ती बोलायला उभं राहण्याच्या अगदी आधी. त्याखालोखाल भाषणाचं काम सांगितलं जातं त्या क्षणी. तयारी करत असताना ती सर्वांत कमी असते आणि बोलायला सुरुवात झाली की बहुतेकांची हळूहळू उतरत जाते. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर वेळापत्रक येतं तीच खरी पहिली परीक्षा. मदत मात्र बहुधा आदल्या दिवशी येते, ‘घाबरू नकोस गं, छान होईल’ एवढीच.

आतली भीती बाहेर दिसत नाही, या जुन्या निरीक्षणाला केनेथ सवित्स्की आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच यांनी २००३ मध्ये व्यवहारात उतरवलं. आपली घालमेल श्रोत्यांना लख्ख दिसते आहे असं बोलणाऱ्याला वाटतं, प्रत्यक्षात ती तितकी दिसत नाही. एवढीच माहिती ज्या विद्यार्थ्यांना भाषणाआधी दिली, त्यांची भाषणं इतरांपेक्षा बरी झाली. इतका स्वस्त उपाय या क्षेत्रात दुसरा नसेल.

स्वभाव, कौशल्य की विचार?

ही भीती कुठून येते यावर तीन मतं आहेत, आणि तिघांकडेही पुरावा आहे.

पहिलं मत स्वभावाचं. मॅक्रॉस्की स्वतः आधी ही भीती बरीचशी शिकलेली मानत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मायकेल बीटी यांच्यासोबत ते उलट टोकाला गेले: संवादाची भीती मुख्यतः जन्मजात, मेंदूच्या घडणीतून येते. दुसरं मत कौशल्याचं. पेन स्टेट विद्यापीठातले जेराल्ड फिलिप्स १९६० च्या दशकापासून सांगत होते की कित्येक मुलं गप्प राहतात ती बोलायचं कसं हे त्यांना शिकवलेलंच नसतं म्हणून. त्यांना रुग्ण समजू नका, धडे द्या. तिसरं मत विचारांचं: ‘मी चुकणार, सगळे हसणार, मग माझी किंमत शून्य’ ही साखळी भीती निर्माण करते, तेव्हा तोडायची ती साखळी. मायकेल मॉटली यांनी यातच एक वेगळी फोड केली. बोलण्याकडे नाटकातल्या प्रयोगासारखं पाहिलं की भीती वाढते. समोरच्याला काही सांगायचं आहे अशा नजरेनं पाहिलं की ती घटते.

तिन्ही मतांची कसोटी एकाच माणसाच्या आयुष्यावर पाहायची, तर कायद्याचे विद्यार्थी मोहनदास गांधी यांच्याइतकं नोंदलेलं उदाहरण मिळणं कठीण. १८८८ ते १८९१ या लंडनमधल्या वर्षांत ते शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत होते, पण बैठकांत तोंड उघडत नसत. व्हेंटनरला लिहून आणलेलं भाषण वाचायला उभे राहिले, तर डोळ्यांसमोर अंधारी आली, पाय लटपटले, आणि कागद शेवटी सोबतच्या मजमुदारांनी वाचला. मुंबईत परतल्यावर लघुवाद न्यायालयात ममीबाईच्या खटल्यात ३० रुपये फीवर उभे राहिले. उलटतपासणीची वेळ आली, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि खटला दुसऱ्याकडे द्यायला सांगितलं. हे सगळं त्यांनी आत्मकथेत स्वतःच मांडलं आहे. मग १८९३ मध्ये प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांच्या सभेत व्यवहारातल्या सचोटीवर ते बोलले. आपल्या आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण ते यालाच म्हणतात.

मधल्या काळात त्यांनी भाषणकलेचा वर्ग केला नव्हता. स्वभावही पालटला नव्हता. पुढेही बुजरेपणा पूर्ण गेला नाही असं तेच सांगतात, आणि त्यामुळे शब्द जपून वापरायची सवय लागली असंही. प्रिटोरियात वेगळं होतं ते इतकंच, की समोरच्यांना सांगण्यासारखं काही त्यांच्याकडे होतं आणि तिथे त्यांची परीक्षा घ्यायला कोणी बसलं नव्हतं. हे मॉटलींच्या बाजूचं उदाहरण झालं. पण एका माणसावरून सिद्धान्त उभा राहत नाही. स्वभाववाद्यांनी विचारलं की ‘बुजरेपणा गेला कुठे होता?’ तर त्यालाही उत्तर नाही.

उपचारांचा हिशेब

उपायांच्या बाबतीत चित्र बरंच स्वच्छ आहे. १९६६ साली प्रसिद्ध झालेला गॉर्डन पॉल यांचा इलिनॉय विद्यापीठातला प्रयोग मानसोपचाराच्या इतिहासातच मैलाचा दगड ठरला. भाषणवर्गातल्या भित्र्या विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटाला अंतर्मनाचा शोध घेणारा उपचार, दुसऱ्याला जोसेफ वोल्पे यांच्या पद्धतीनं शरीर सैल सोडून भीतीच्या प्रसंगांची पायरीपायरीनं कल्पना करण्याचा सराव, तिसऱ्याला नुसतं लक्ष आणि परिणामशून्य गोळी, चौथ्याला काहीच नाही. पायरीपायरीचा सराव सर्वांत सरस ठरला, आणि दोन वर्षांनंतरही त्याचा लाभ टिकून होता.

१९८९ मध्ये माइक ॲलन आणि सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. सराव, विचारांची दुरुस्ती आणि कौशल्याचे धडे यांतला प्रत्येक उपाय थोडाफार लागू पडतो, तिन्ही मिळून सर्वांत जास्त, असं त्यांना आढळलं. सिद्धान्तांचं भांडण मिटलं नाही, तरी शिक्षकाच्या दृष्टीनं ते जवळजवळ निकालात निघालं. २०१९ मध्ये ओमिद इब्राहिमी आणि सहकाऱ्यांनी ३० नियंत्रित चाचण्या एकत्र पाहिल्या. मानसोपचाराचा परिणाम मध्यम ते मोठा निघाला, आणि इंटरनेटवरून किंवा इतर तंत्रज्ञानातून दिलेला उपचार समोरासमोरच्या उपचारापेक्षा कमी ठरल्याचं दिसलं नाही. समुपदेशक शोधूनही न सापडणाऱ्या तालुक्याच्या महाविद्यालयासाठी ही बाब महत्त्वाची आहे. आभासी वास्तवाचं तंत्रही यातच मोडतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की समोरचे श्रोते संगणकानं बनवलेले आहेत हे पक्कं माहीत असूनही, ते जांभया देऊ लागले की बोलणाऱ्याला घाम फुटतो.

मुलं प्रत्यक्षात काय करतात

समुपदेशकापर्यंत पोचतात ते थोडे. बाकीच्यांचं आपापलं चाललेलं असतं.

इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट प्रेझेंटेशन बघा. चौघांचा गट, बाहेरून आलेले परीक्षक, प्रोजेक्टरचा निळसर उजेड. ज्यानं रात्री जागून सगळा कोड लिहिला तो लॅपटॉपच्या आडोशाला उभा असतो, कारण आदल्या दिवशी हॉस्टेलवर वाटणी ठरलेली असते: ‘तू बोल, तुझं इंग्लिश भारी आहे, मी स्लाइड बदलतो.’ बोलणारी मुलगी प्रस्तावना झकास करते. मग परीक्षक विचारतात, ‘हे मॉड्यूल कोणी केलं?’ सगळ्यांच्या माना लॅपटॉपकडे वळतात. त्याला उत्तर येत असतं. घशाला कोरड पडते, त त प प होतं, आणि ‘सर, ते... म्हणजे... डेटाबेसमधून येतं’ एवढ्यावर तो थांबतो. गुणपत्रिकेत तो चौघांत सर्वांत कमी कळणारा ठरतो.

डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात अशा वागण्याला नेमकी जागा आहे. आडोसा घेणं, शब्दन् शब्द पाठ करणं, स्लाइडवर अख्खा परिच्छेद चिकटवून श्रोत्यांकडे पाठ करून वाचणं, दोन्ही हात टेबलावर रोवून उभं राहणं, हे सगळं त्या क्षणी वाचवतं आणि भीती जशीच्या तशी जपून ठेवतं. वाचलो ते पाठांतरामुळे, असं मन नोंदवतं; पाठांतराशिवायही वाचलो असतो हे कळायची संधीच येत नाही.

आपल्याकडे यात एक खास गाठ आहे. शालेय वक्तृत्व स्पर्धेची ढाल जिंकलेला मुलगा महाविद्यालयात गटचर्चेत गप्प बसतो, याचं पालकांना नवल वाटतं. पण स्पर्धेचं भाषण बहुतेकदा बाईंनी लिहून दिलेलं, हातवाऱ्यांसकट बसवलेलं असतं. तिथे प्रश्न विचारायला कोणी नसतं. पाठांतर कुचकामी आहे असं मी म्हणणार नाही. मंचावर उभं राहायची सवय, ज्याला मुलं ‘स्टेज डेअरिंग’ म्हणतात, ती त्यातून लागतेच. न लिहिलेलं वाक्य उभ्या उभ्या जुळवायची सवय मात्र तिथे लागत नाही, आणि व्हायवाला कामी येते ती हीच.

काही मुलं औषधाकडे वळतात. प्रोप्रॅनोलॉल हे मुळात हृदयविकारासाठी १९६० च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी शोधलेलं औषध. ते हाताचा कंप आणि धडधड कमी करतं, म्हणून वादक आणि वक्ते ते वापरत आले आहेत. ते मनातली साखळी तोडत नाही. शिवाय दमेकऱ्यांना ते घातक ठरू शकतं. ‘सीनियरनं दिलेली अर्धी गोळी’ हा प्रकार म्हणूनच डॉक्टरांना रुचत नाही.

धडधड शमवायचीच कशाला, असाही एक पक्ष आहे. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये मांडलं की घाबरलेल्यानं स्वतःला ‘शांत हो’ म्हणण्यापेक्षा ‘मला हुरूप आलाय’ म्हणावं. तसं म्हणणाऱ्यांची भाषणं श्रोत्यांना अधिक पटणारी वाटली. शरीर दोन्ही वेळी खवळलेलंच असतं, नाव तेवढं बदलतं. दीर्घ श्वसन आणि प्राणायाम सांगणाऱ्यांना हे पटत नाही. खरं तर दोन्ही सल्ले वेगवेगळ्या घटकेचे आहेत: श्वास आदल्या रात्रीसाठी, हुरूप नाव पुकारल्यावर. हे माझं वाचन झालं. संशोधकांमध्ये त्यावर एकमत नाही.

कुठल्या भाषेतली भीती?

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत इथे एक पदर वाढतो. इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातली भीती स्वतंत्र मानली आणि तिच्यासाठी ३३ विधानांची वेगळी मोजपट्टी केली. परक्या भाषेत बोलताना प्रौढ माणूस स्वतःच्या नजरेत लहान होतो. डोक्यातलं शहाणपण तोंडातून बाहेर येत नाही. बारावीपर्यंत मराठी माध्यमात, किंवा मराठीतून समजावलेल्या इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा सेमिनारला उभा राहतो, तेव्हा सभाकंप आणि भाषेची भीती एकमेकांत इतक्या मिसळतात की वेगळ्या काढता येत नाहीत. त्याला ‘तुझा आत्मविश्वास कमी आहे’ असं सांगणं हे निदानच चुकीचं असू शकतं.

२०२१-२२ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. लोकसेवा आयोगाची मुलाखत मराठीतून देता येतेच. तेव्हा भाषा बदलली की भीती जाईल, असा एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, पुढे कंपनीची मुलाखत इंग्रजीतच आहे. भीती चार वर्षं पुढे ढकलाल, बाकी काही नाही. मला तिसरी गोष्टही दिसते. मराठीत बोललं म्हणून हसू थांबतंच असं नाही. न आणि ण यांची अदलाबदल झाली, ‘करून राहिलो’ असं वऱ्हाडी वळण आलं की पुण्याच्या वर्गात मागच्या बाकांवर खसखस पिकते. ज्याला हसले तो पुढच्या वेळी हात वर करत नाही. प्रमाणभाषेची भीती कुठल्याच मोजपट्टीत धड बसलेली नाही.

सक्ती की सवलत?

सध्या सर्वांत तापलेला प्रश्न हा आहे. २०१८ च्या सुमारास अमेरिकेत विद्यार्थी उघड म्हणू लागले की वर्गासमोर सादरीकरणाची सक्ती नको, पर्याय द्या. त्यांच्या मागणीला वैद्यकीय आधार आहे. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत सामाजिक भयगंडाला स्वतंत्र जागा मिळाली, आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत फक्त सादरीकरणापुरती भीती असा पोटप्रकारही आला. आजार मान्य केलात, तर पाय मोडलेल्या मुलाला जशी धावण्याची सक्ती करत नाही तशी इथेही नको, असा त्यांचा युक्तिवाद. तोतरेपणा असलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर सवलतीला सहसा कोणी विरोध करत नाही.

विरोधी पक्षाचा पुरावाही भक्कम आहे: टाळण्यानं भीती वाढते, आणि उपचारांचा सगळा हिशेब हळूहळू सामोरं जाण्याच्याच बाजूनं आहे. मात्र ‘सामोरं जाणं’ म्हणजे एकदम खोल पाण्यात ढकलणं असा अर्थ पॉल यांच्या प्रयोगातून निघत नाही. तिथे पायऱ्या होत्या. आपल्या पदवी अभ्यासक्रमांत पायऱ्याच नाहीत. कम्युनिकेशन स्किल्सच्या पेपरात मूल्यमापनाचा मोठा वाटा बऱ्याच ठिकाणी लेखी असतो, म्हणजे बोलण्याचा विषय विद्यार्थी लिहून पास होतो. प्रत्यक्ष तोंड उघडायची वेळ येते ती थेट गुणांच्या दारात.

पायऱ्या सापडतात त्या अभ्यासक्रमाबाहेर. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रात्री कंदिलाभोवतीची गटचर्चा, पथनाट्यातले दोन संवाद, आणि सर्वांत खालची, सर्वांत उपयोगी पायरी म्हणजे आभारप्रदर्शन. लोक चपला शोधत असतात, प्राचार्यांची नजर घड्याळाकडे असते, कोणीच नीट ऐकत नाही. चिठ्ठीवर नावं लिहिलेली असतात, आणि एखादं राहिलं तर फारतर मंडपवाला रुसतो. दुसऱ्या वर्षी तीच मुलगी पाहुण्यांचा परिचय करून देते, तिसऱ्या वर्षी सूत्रसंचालन. १९२४ मध्ये कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स मंडळांची रचनाही साधारण अशीच आहे: आधी छोटं काम, मग मोठं, आणि प्रत्येक वेळी गुणांऐवजी अभिप्राय. पुण्या-मुंबईत अशी मंडळं आहेत, पण त्यांचं वळण बहुतांशी नोकरदारांचं आणि इंग्रजीचं.

आभाराची चिठ्ठी कोणाच्या हाती पडते हा मात्र खरा प्रश्न आहे. ‘तूच कर गं, तुला जमतं’ म्हणत ती दरवर्षी त्याच दोघा-तिघांकडे जाते. ज्याला गरज आहे तो खुर्च्या लावत असतो.

काय शिल्लक आहे

दोन गाठी अजून सुटायच्या आहेत. भीती कमी झाली की बोलणं सुधारतंच का? उपचारांच्या चाचण्यांत बहुतेक वेळा मोजली जाते ती विद्यार्थ्यानं स्वतः सांगितलेली भीती; श्रोत्यांच्या पदरात काय पडलं हे कमी वेळा पाहिलं जातं, आणि या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत हे क्लेव्हेंजर यांनी १९५९ मध्येच सांगून ठेवलं आहे. दुसरी गाठ गुणांची. प्रयोगातली भाषणं बहुतेकदा भाषणवर्गाच्या गुणांशी जोडलेली असतात, त्यामुळे विद्यार्थी बोलण्याला घाबरतो की तोलला जाण्याला, हे त्यांतून वेगळं काढता येत नाही. प्रिटोरियाच्या सभेनं तो प्रश्न उभा केला होता, पण त्याचं उत्तर एका सभेतून मिळणार नाही. त्याच मुलाला तोच विषय एकदा गुणांसाठी आणि एकदा बिनगुणांचा, एकदा मराठीतून आणि एकदा इंग्रजीतून मांडायला लावायचा, एवढीच त्याची चाचणी आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, दर सत्रातले सेमिनार पुरतात. अडचण असलीच तर वेळापत्रकाची: ऐंशी मुलांच्या वर्गात प्रत्येकाला चार वेळा बोलू द्यायला तास कुठून काढायचे, हे विभागप्रमुखांना विचारावं लागेल.